परमिटशिवाय पिस्तूल बाळगण्याचे कायदे: अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी काय तपासून घ्यावं?

डॅलसकर (धागाकर्ता)

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हाउस बिल १९२७ लागू आहे. तेव्हापासून इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाक्य फिरतंय: "आता लायसन लागत नाही, कोणीही पिस्तूल घेऊन फिरा." हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तर देशही सोडावा लागू शकतो. म्हणून हा धागा.

आधी नेमकं बदललं काय ते पाहू. पूर्वी कमरेला झाकून पिस्तूल लावायचं तर राज्याकडे अर्ज, बोटांचे ठसे, पूर्वेतिहासाची तपासणी, वर्ग, नेमबाजीची परीक्षा आणि मग परवाना, असा क्रम होता. आता २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि पिस्तूल बाळगायला मुळात पात्र असलेल्या माणसाला त्या परवान्याची सक्ती नाही. (१८ ते २० वयोगटाला मनाई करणारा भाग फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला, तो वेगळा विषय.) पात्र कोण, कुठे नेता येतं, कधी वापरता येतं, हे नियम मात्र तसेच आहेत. अर्ज करणाऱ्याचं नाव तपासताना खिडकीपलीकडचा कारकून "तुम्हाला चालणार नाही" म्हणायचा. आता ते सांगणारं कोणी नाही. तपासणीची सगळी जबाबदारी बाळगणाऱ्यावर आली आहे.

टेक्सासच्या कायद्यात एक जादा अटही आहे, ती फारशी कोणी वाचत नाही. मागच्या पाच वर्षांत दुखापत करणारा हल्ला, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं वर्तन, दहशत बसेल अशी धमकी, किंवा सार्वजनिक जागी बंदूक दाखवून वा झाडून गोंधळ, यांपैकी गुन्हा करून शिक्षा झालेली असेल तर परमिटशिवाय बाळगता येत नाही. हे 'मिसडिमिनर' म्हणजे किरकोळ वर्गातले गुन्हे आहेत. लोक ते विसरून जातात, कायदा विसरत नाही.

थोडा इतिहास. व्हरमाँटमध्ये असा परवाना कधी नव्हताच, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्येच एका शहराचा परवान्याचा नियम रद्द केला. मग थेट २००३ मध्ये अलास्का आणि २०१० मध्ये अ‍ॅरिझोना. २०१५ नंतर रांग लागली. २०२१ या एका वर्षात मोंटाना, युटा, आयोवा, टेनेसी आणि टेक्सास. २०२२ मध्ये जॉर्जिया, ओहायो, इंडियाना. २०२३ मध्ये अलाबामा, फ्लोरिडा, नेब्रास्का. २०२४ च्या मार्चमध्ये साउथ कॅरोलिना, आणि त्याच वर्षी ४ जुलैला लुइझियाना आलं तेव्हा आकडा २९ झाला.

ज्यांना आपापल्या राज्याची नेमकी माहिती आहे त्यांनी लिहावं. 'बंदूक चांगली की वाईट' यावर शंभर धागे आहेत, इथे कायद्याचं बोलू.

---

केळफूल

उत्तम धागा. पहिला प्रश्न व्हिसाचा आहे आणि तिथेच आपली माणसं सगळ्यात जास्त अडकू शकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

राज्याने परमिट काढून टाकलं तरी केंद्रीय कायदा जागेवर आहे. युनायटेड स्टेट्स कोडच्या १८ व्या शीर्षकातलं कलम ९२२(जी). त्यात बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई असलेल्यांची यादी आहे: एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, बेकायदा अमली पदार्थ घेणारे, कोर्टाने मानसिक कारणावरून अपात्र ठरवलेले, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा किंवा तसा मनाई हुकूम असलेले. आणि पाचव्या पोटकलमात परदेशी नागरिक: इथे बेकायदा राहणारे, तसेच 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावर आलेले.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, जे-१, बी-१, बी-२ हे सगळे त्यात मोडतात. व्हिसा पूर्णपणे वैध आहे, कर भरताय, घर घेतलंय, दहा वर्षं इथे आहात, याचा इथे काही संबंध नाही. आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर असणं किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे.

कायद्यात शब्द 'बाळगणे' असा आहे, 'विकत घेणे' नव्हे. मित्राचं पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर दहा मिनिटं हातात घेतलं तरी ते बाळगणंच. गोळ्यांचा डबासुद्धा चालत नाही. दोन्ही पक्षांनी मिळून केलेल्या २०२२ च्या केंद्रीय कायद्याने या कलमाची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं केली. ज्याने जाणूनबुजून अशा माणसाच्या हातात बंदूक दिली त्यालाही कलम ९२२(डी) खाली तेवढीच.

रेंजवर जाणं निरुपद्रवी वाटतं त्यांनी २०१९ चा रेहाइफ खटला वाचावा. विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेला मुलगा, मार्क कमी पडले म्हणून विद्यापीठाने काढलं, त्याबरोबर त्याचं इथे राहणंही बेकायदा झालं. तो रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालय म्हणालं की आरोपीला स्वतःच्या स्थितीची जाणीव होती हे सरकारने सिद्ध करायला हवं. आपल्यासारख्यांना यात फारसा दिलासा नाही. आपण कुठल्या व्हिसावर आहोत हे आपल्याला रोज माहीत असतं. 'कायदा ठाऊक नव्हता' हा बचाव त्या निकालानेही दिलेला नाही.

---

रानवाट

पण शिकारीच्या लायसनचा अपवाद आहे ना? एफ-१ ची मुलं सर्रास सांगतात की कुठल्याही राज्याचं हंटिंग लायसन ऑनलाइन काढलं की झालं.

---

केळफूल

आहे. त्याच कलमाच्या (वाय) भागात. वैध, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन असेल तर नॉन-इमिग्रंट व्हिसाची केंद्रीय मनाई लागू होत नाही. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, लायसनची मुदत. बरीच लायसनं वर्षाची असतात आणि हंगामाच्या तारखेला संपतात. ज्या मध्यरात्री ते संपलं त्या क्षणापासून कपाटातलं पिस्तूल गुन्हा आहे.

दोन, हा अपवाद केंद्रीय मनाईपुरता. राज्याने परमिटशिवाय बाळगण्याची मुभा कोणाला दिली आहे ते वेगळं वाचावं लागतं. फ्लोरिडात अमेरिकन नागरिक किंवा कायम रहिवासीच हवा. आयडाहोत तर कायद्याचे शब्द 'अमेरिकेचा नागरिक किंवा सैन्यातला' असे आहेत, म्हणजे तिथे ग्रीन कार्डवाल्यालाही परमिटशिवाय झाकून लावता येत नाही. ग्रीन कार्ड आहे म्हणजे सगळीकडे चालतं, असं मानू नका.

तीन, व्हिसाची स्थितीच गेली, नोकरी सुटून मुदत संपली, तर शिकारीचं लायसन काही वाचवत नाही. बेकायदा राहणाऱ्यांना तो अपवाद नाही.

माझं स्पष्ट मत: एच-१बी किंवा एफ-१ वर असताना या अपवादाच्या भरवशावर कमरेला पिस्तूल लावू नका. एका ट्रॅफिक थांब्यावर पोलिसाला पोटकलम समजावत बसायची वेळ येईल.

---

अटलांटाकर

केळफूल यांच्या प्रतिसादाला पुरवणी. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्या घरातही अडचण येते, कारण घर एकाचं नसतं.

आई-बाबा बी-२ वर सहा महिने येतात. मेहुणा एच-१बी वर, नोकरी मिळेपर्यंत खालच्या खोलीत राहतो. कायद्यात 'कन्स्ट्रक्टिव्ह पझेशन' म्हणून एक कल्पना आहे: हातात नसली तरी बंदुकीवर ताबा मिळवण्याची ताकद आणि इरादा असला की ती बाळगणं धरता येतं. म्हणून तिजोरीचा कोड फक्त पात्र माणसाकडे हवा. 'अडीअडचणीला असू दे' म्हणून बाबांना किल्ली कुठे ठेवलीय ते सांगणं अजिबात नको. बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये उघडी ठेवणं तर कुठल्याच घरात नको. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा पीनल कोडच्या ४६.१३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

पाहुण्यांना रेंजवर नेऊन फोटो काढायची टूम निघाली आहे, ती बंद करा. हात लावू न देता बघायला नेणं वेगळं. काकांच्या हातात पिस्तूल, समोर टारगेट, आणि तो फोटो फेसबुकवर: पुरावा आपणच तयार करून ठेवतो.

आणि गांजा. ओहायो, मिझुरी, मोंटाना, अ‍ॅरिझोना, मेन, व्हरमाँट, अलास्का या राज्यांत परमिटशिवाय पिस्तूलही चालतं आणि मोठ्यांना गांजाही चालतो. केंद्रीय कायद्यात मात्र तो अजून नियंत्रित पदार्थ आहे. दुकानातून पिस्तूल घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात अमली पदार्थांबद्दल थेट प्रश्न असतो. त्यावर खोटं लिहिणं हा आणखी एक केंद्रीय गुन्हा.

---

न्यूजर्सीवाला

आता राज्याची हद्द ओलांडण्याबद्दल. परमिट नको असणाऱ्या राज्यात राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. परमिट नाही म्हणजे दुसऱ्या राज्याला दाखवायलाही काही नाही.

ओहायोतल्या कोलंबसहून एडिसनला नातेवाइकांकडे निघालात असं धरा. ओहायोत गाडीत भरलेलं पिस्तूल कायदेशीर. पेनसिल्व्हेनियाची हद्द लागली की त्याच गाडीत तेच पिस्तूल परवान्याशिवाय म्हणजे गुन्हा, कारण तिथे गाडीतून नेणंही परवान्याच्या कक्षेत येतं. पुढे डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यूजर्सीत शिरलात की परिस्थिती आणखी बिकट. इथे परमिटशिवाय हँडगन बाळगणं हा दुसऱ्या दर्जाचा गुन्हा: ५ ते १० वर्षं, आणि ग्रेव्हज अ‍ॅक्टप्रमाणे किमान ४२ महिने पॅरोलशिवाय. पेनसिल्व्हेनियाचं रीतसर परमिट असलेल्या एका महिलेला २०१३ मध्ये इथे वाहतूक थांब्यावर अटक झाली होती. तिने स्वतःहून पोलिसाला पिस्तूल असल्याचं सांगितलं होतं. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली तेव्हा ती सुटली.

त्याशिवाय १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची पेटी) इथे वेगळा गुन्हा, आणि हॉलो पॉइंट (टोकाशी पोकळ) गोळ्या घर, रेंज अशा ठरावीक जागांबाहेर वेगळा. टेक्सास-ओहायोत दुकानातून येणाऱ्या बऱ्याच पिस्तुलांना १५ किंवा १७ चं मॅगझिन कारखान्यातूनच येतं.

"फोपा आहे ना!" असं लगेच कोणी म्हणेल. फोपा म्हणजे 'फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट'. १९८६ च्या त्या केंद्रीय कायद्याचं कलम ९२६ए प्रवासात संरक्षण देतं, पण अटी नीट वाचा. निघालात त्या जागी आणि पोचणार त्या जागी, दोन्हीकडे ती बंदूक बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं तुम्हाला कायदेशीर हवं. बंदूक रिकामी, आणि बंदूक-गोळ्या दोन्ही हाताशी नकोत, म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसलेल्या एसयूव्हीत कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल कुलपाचा असला तरी चालत नाही. मेनला जाताना न्यूजर्सीतून नुसते पार होणार असाल तर हे कलम कामाचं. एडिसनला मुक्काम असेल तर नाही. पिस्तूल घरीच ठेवा.

विमानाचंही तसंच. युटाहून निघालेल्या एका प्रवाशाचं नेवार्कचं पुढचं विमान चुकलं, सामान त्याच्या हाती आलं, रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात गेली. सकाळी काउंटरवर प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केलं आणि अटक झाली. थर्ड सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं की रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून ९२६ए चं संरक्षण नाही. धडा सरळ आहे: नेवार्क, जेएफके, लाग्वार्डियाला विमान चुकलं आणि तुमची बॅग परत देऊ लागले तर ती ताब्यात घेऊ नका, पुढच्या विमानापर्यंत विमान कंपनीकडेच राहू द्या.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी हे दुप्पट गंभीर. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २३७ मध्ये बंदुकीच्या कुठल्याही कायद्याखालची शिक्षा हे देशाबाहेर काढण्याचं कारण म्हणून लिहिलेलं आहे, आणि बाळगणं व जवळ घेऊन फिरणं हे दोन्ही त्यात येतं. अशा खटल्यात फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकीलही पहिल्या दिवसापासून हवा. 'प्ली' देऊन (गुन्हा कबूल करून) लवकर सुटण्यात शहाणपण वाटतं आणि तिथेच ग्रीन कार्ड जातं.

---

मोगरा

शिकागोकडच्यांसाठी एवढंच: इंडियानात १ जुलै २०२२ पासून परमिट नको, पण इलिनॉयत रहिवाशाला घरी ठेवायलाही फोइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं आणि झाकून लावायला १६ तासांचा वर्ग करून वेगळं लायसन. इलिनॉय दुसऱ्या राज्याचं परमिट आपलं म्हणून मानत नाही. हॅमंडहून नेपरव्हिलला येताना पिस्तूल कमरेला असता कामा नये.

---

डॅलसकर

जागांबद्दल लिहितो, कारण महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांशी याचा थेट संबंध आहे.

आपला गणेशोत्सव, दिवाळीचं नाटक, रविवारची मराठी शाळा, यातलं कितीतरी पब्लिक स्कूलच्या सभागृहात होतं. टेक्सासच्या पीनल कोड ४६.०३ प्रमाणे शाळेच्या इमारतीत बंदूक नेणं तिसऱ्या दर्जाचं फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातला गुन्हा आहे. सुट्टीचा दिवस, भाड्याने घेतलेला हॉल, मुलं शाळेची नाहीत, असली कारणं सांगून जोखीम घेऊ नका. मंडळांच्या कार्यकारिणीने आमंत्रणपत्रिकेतच एक ओळ टाकावी: हॉल शाळेचा आहे, शस्त्र आणू नये.

केंद्रीय कायदा तर आवाराच्या बाहेरही पोचतो. 'गन-फ्री स्कूल झोन' कलम ९२२(क्यू) शाळेच्या हद्दीपासून १,००० फूट, म्हणजे साधारण ३०० मीटरपर्यंतचा सार्वजनिक रस्ता धरतं. शहरात कुठेही गाडी चालवा, तुम्ही दर पाच-दहा मिनिटांनी अशा पट्ट्यातून जाताच. अपवाद: खाजगी मालमत्ता, रिकामी आणि कुलूपबंद बंदूक, किंवा त्याच राज्याने तपासणी करून दिलेलं लायसन. परमिटशिवाय बाळगणाऱ्याकडे नेमकं हे शेवटचंच नसतं. एटीएफच्या (बंदुकांचे केंद्रीय कायदे राबवणाऱ्या संस्थेच्या) अर्थाने दुसऱ्या राज्याचं परमिटही इथे चालत नाही, शाळा ज्या राज्यात आहे त्याचंच हवं. नुसत्या या कलमावर खटले क्वचित होतात, दुसऱ्या प्रकरणात पकडलं की हे कलम जोडलं जातं. पण शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे, आणि राज्याने परमिट काढून टाकल्याने ते मिटलेलं नाही.

टेक्सासच्या पाट्या ओळखायला शिका. दारावर '३०.०५' ची पाटी: परमिटशिवाय बंदूक आणणाऱ्यांना मनाई. '३०.०६': लायसनवाल्यांनाही झाकून आणायला मनाई. '३०.०७': लायसनवाल्यांनाही उघडी आणायला मनाई. अक्षरं किमान एक इंच उंच, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. पाटी न पाहता आत गेलात तर सहसा २०० डॉलरपर्यंतचा दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडला नाहीत तर क्लास ए मिसडिमिनर. लाल '५१%' ची पाटी असलेला बार हे वेगळं प्रकरण. तिथे उत्पन्नाचा ५१ टक्के किंवा जास्त भाग जागीच प्यायच्या दारूतून येतो आणि आत पिस्तूल नेणं फेलनी आहे, लायसन असो वा नसो.

ऑफिस: लेबर कोड ५२.०६१ मुळे बहुतेक खाजगी कंपन्यांना कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतल्या कायदेशीर बंदुकीवर बंदी घालता येत नाही. इमारतीत मात्र घालता येते.

---

अटलांटाकर

मंदिरांबद्दल: जॉर्जियात प्रार्थनास्थळात मनाई हा मूळ नियम आहे, व्यवस्थापनाने परवानगी दिली तरच चालतं. साउथ कॅरोलिनातही परवानगी लागते. टेक्सासमध्ये उलट, पाटी किंवा सूचना असेल तर मनाई. त्यामुळे मंदिराच्या विश्वस्तांनी आपल्या राज्याचा नियम पाहून ठराव करावा आणि तो दारावर लावावा.

नॅशनल पार्कमध्ये २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा चालतो, पण व्हिजिटर सेंटर ही केंद्रीय इमारत, तिथे नाही. यलोस्टोन वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत आहे, तिन्ही परमिटशिवायची (पण वर आयडाहोबद्दल काय लिहिलंय ते पाहा). योसेमिटी कॅलिफोर्नियात, तिथे हे काही चालत नाही.

---

शिवापूरकर

इतका वेळ वाचतोय. माहिती चोख आहे, पण एक विचारतो: हे सगळं माणसाला कळतं कुठून? परवान्याच्या वर्गात यातलं निम्मं तरी शिकवायचे. तो वर्गच ऐच्छिक केला आणि मग चुकलेल्याला फेलनी लावायची, हे मला अन्यायाचं वाटतं. बऱ्याच ठिकाणी पोलीस संघटनांनी या कायद्यांना विरोध केला त्याचंही एक कारण प्रशिक्षण हेच होतं. स्टॅनफर्डच्या जॉन डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की झाकून बाळगण्याची सरसकट मुभा देणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण, ती मुभा नसती तर जेवढं असतं त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के जास्त निघालं.

---

रानवाट

शिवापूरकर, तो अभ्यास 'मागेल त्याला परमिट' देणाऱ्या कायद्यांचा आहे, परमिट काढून टाकणाऱ्यांचा नव्हे. अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांचं म्हणणं नेमकं उलट आहे आणि हा वाद तीस वर्षं चालू आहे. व्हरमाँट आणि मेन ही कमी गुन्ह्यांची राज्यं आहेत हेही विसरू नका. माझा मुद्दा गरिबांचा आहे: फी, वर्गाचा खर्च आणि कामावरची रजा हे सगळं सुखवस्तू माणसाला जमतं. रात्रपाळी करून एकटी घरी जाणाऱ्या बाईला तेच जड जातं, आणि गरज तिला असते.

२०२२ च्या ब्रुएन निकालाचा लोक चुकीचा अर्थ काढतात म्हणून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा 'खास कारण दाखवा' हा नियम रद्द केला. परमिटच नको, असं न्यायालय म्हणालेलं नाही. निःपक्ष निकषांवर परमिट देणारी पद्धत चालते. न्यूयॉर्कने त्यानंतर १६ तास वर्ग आणि २ तास प्रत्यक्ष नेमबाजी अशी अट घातली, आणि टाइम्स स्क्वेअरसह मोठी यादी 'संवेदनशील जागा' म्हणून बंद केली.

---

शिवापूरकर

फीचा मुद्दा मान्य. मग फी माफ करा, वर्ग फुकट द्या. वर्ग काढून टाकणं हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. आणि निदान या धाग्यावरच्या लोकांनी तरी सक्ती नसली तरी वर्ग करावा.

---

तळेगावकर

यावर तरी कोणाचं दुमत नसावं. नेमबाजी शिकवताना वारंवार दिसणाऱ्या चुका लिहितो.

पिस्तूल रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची, मग चेंबरमध्ये (झाडायची गोळी बसते तिथे) डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये बसते. हातात मॅगझिन आहे, म्हणजे पिस्तूल रिकामं, असं वाटतं. 'रिकाम्या' बंदुकीतून सुटलेल्या गोळ्यांचं हे नेहमीचं कारण.

होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कडक हवं, कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं किंवा जाड चामड्याचं, ट्रिगरचा भाग पूर्ण झाकणारं आणि त्याच पिस्तुलाच्या मापाचं. बाजारात मिळणारं 'सगळ्यांना बसणारं' मऊ कापडी पाकीट घेऊ नका. कापड दुमडून ट्रिगरशी जातं. पिस्तूल परत ठेवताना घाई नको: जॅकेटच्या नाडीचं टोक किंवा शर्टाची कड ट्रिगरगार्डमध्ये शिरते आणि खाली दाबताना गोळी स्वतःच्या मांडीत जाते. पर्समध्ये ठेवायचं तर वेगळा कप्पा, त्यात होल्स्टर, दुसरं काही नाही, आणि पर्स मुलांच्या हाती लागेल अशी टेबलावर टाकायची नाही.

रोज रात्री गोळी काढून सकाळी तीच परत चेंबरमध्ये भरणाऱ्यांनी ती गोळी दुसरीच्या शेजारी उभी करून बघावी. पुन्हा पुन्हा आदळून शिसं काडतुसात आत सरकतं, गोळीची लांबी कमी होते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. आखूड दिसली तर ती वापरायची नाही.

---

मोगरा

पोलिसांनी गाडी थांबवली तर? आमच्याकडे यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो.

---

डॅलसकर

कारण राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. अलास्का, लुइझियाना, नेब्रास्का इथे स्वतःहून लगेच सांगायचं. मेनमध्ये परमिटशिवाय बाळगणाऱ्याने लगेच सांगायचं. ओहायोत २०२२ पासून विचारल्यावर खरं सांगायचं, अ‍ॅरिझोनातही विचारल्यावर. फ्लोरिडात वैध ओळखपत्र जवळ हवंच आणि मागितल्यावर दाखवायचं, नसेल तर २५ डॉलर दंड. टेक्सासमध्ये लायसन असेल तर ओळखपत्र मागितल्यावर दोन्ही द्यायचं.

कुठेही असा, हे करा: गाडी बाजूला, आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. "ऑफिसर, माझ्याकडे पिस्तूल आहे, उजव्या कमरेला आहे, काय करू सांगा," एवढंच. 'गन' हा एकच शब्द मोठ्याने उच्चारत बोलणं सुरू करू नका. तिकडे हात नेऊ नका, बोटही दाखवू नका. गाडीची कागदपत्रं आणि पिस्तूल एकाच ग्लव्ह बॉक्समध्ये कधीही ठेवू नका, कारण पोलीस पहिल्यांदा तोच उघडायला सांगणार. टेक्सासमध्ये गाडीत पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं, नुसतं सीटवर टाकलेलं चालत नाही.

आणि रस्त्यावर कोणी कट मारला म्हणून काचेतून पिस्तूल 'नुसतं दाखवणं' हा गंभीर हल्ल्याचा गुन्हा ठरू शकतो. बाळगण्याचा कायदा बदलला, वापरण्याचा नाही.

माझा सल्ला, पात्र असाल तर लायसन काढाच. टेक्सासची फी ४० डॉलर. परीक्षा ५० गोळ्यांची: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०, २५० पैकी १७५ गुण हवेत. फायदे: आपल्या राज्यात शाळेच्या १,००० फुटांचा प्रश्न सुटतो, लायसन मानणाऱ्या इतर राज्यांत ते चालतं, आणि दुकानात वेगळी तपासणी टळते (४४७३ फॉर्म मात्र भरावाच लागतो). फ्लोरिडाच्या लायसनवाल्यांना खरेदीनंतरचे तीन दिवस थांबावं लागत नाही.

---

केळफूल

भारतात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली, ती लिहून ठेवते.

रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट घेऊन मुंबईला जाऊ नका. अमेरिकेतच टीएसएने (विमानतळांवर तपासणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने) २०२४ मध्ये हातातल्या सामानात ६,६७८ बंदुका पकडल्या, त्यातल्या सुमारे ९४ टक्के भरलेल्या. बहुतेकांचं उत्तर एकच, विसरलो. बॅगेच्या अस्तरात राहिलेली एक नऊ मिलिमीटरची गोळी इथे कोणाच्या नजरेतून सुटली, तरी परतताना मुंबईच्या एक्स-रेत दिसते. तिथे शस्त्र अधिनियम १९५९ ची कलमं ३ आणि २५ लागतात, सहार पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो, आणि अमेरिकेतला कुठलाही कायदा किंवा लायसन तिथे कामाचं नाही. नकळत राहिलेल्या गोळीला 'जाणीवपूर्वक ताबा' म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या गुणवंतलाल निकालापासूनचं तत्त्व आहे आणि त्यावर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्दही करतात. पण त्याआधी विमान जातं, जामीन घ्यावा लागतो, वकील शोधावा लागतो आणि एच-१बी वाल्याची रजा संपते.

म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका. जॅकेटचे खिसे उलटे करून बघा, बॅगेचे सगळे कप्पे आणि तळाच्या पुठ्ठ्याखालची जागा हाताने चाचपा. बुटांचे सोल बघा, रिकामी पितळी पुंगळी खाचेत अडकून येते, तीही नको. मित्राकडून बॅग उसनी घेताय तर त्याला सरळ विचारा, ही रेंजवर गेली होती का.

---

मोगरा

धन्यवाद सगळ्यांना. मंडळाच्या आमंत्रणात शाळेच्या हॉलची ओळ टाकायचं कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडते. डॅलसकर, पाट्यांचा प्रतिसाद ग्रुपवर तसाच चिकटवला तर चालेल ना?

---

डॅलसकर

जरूर. फक्त वर 'टेक्सास' असं ठळक लिहा, नाहीतर इलिनॉयवाले ३०.०६ ची पाटी शोधत बसतील.